उत्तरपत्रिकेत न मावलेलं शरीर



मागच्या भिंतीला टेकून माझे काही जुने विद्यार्थी उभे आहेत. खुर्च्या रिकाम्या आहेत, तरी उभे आहेत. मैदानावरच्या माणसाला सभागृहात नेमकं कुठे बसावं ते कळत नाही. आज ज्याबद्दल बोलायचं आहे ते दुखणं साधारण असंच आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली. बसा रे बाबांनो, तास मोठा आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते व्हर्नाक्युलर फायनल झालेले होते. त्यापुढे शिक्षण नाही. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदान आखायचं काम ते कुणाला देत नसत. एक सुतळी, तीन खुंट्या, आणि पत्र्याच्या डब्यात फक्की. सुतळीला तीन हातांवर एक गाठ, तिथून चार हातांवर दुसरी, तिथून पाच हातांवर तिसरी. तिन्ही गाठींत खुंट्या घालून सुतळी ताणली की कोपऱ्यात काटकोन तयार. मग त्या कोनाच्या आधाराने कबड्डीचं अख्खं मैदान. एकदा आमच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक बाजूने चालले होते. थांबले, बघत राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हा तर पायथागोरस." गुरुजींनी फक्की मारता मारता मान वर न करता सांगितलं, "असेल. आमच्यात याला कोना काढणं म्हणतात."

आता मला सांगा, गुरुजींना तो सिद्धांत येत होता की नाही? विद्यापीठाला विचाराल तर नाही. त्यांनी तो कधी लिहून दाखवला नव्हता. आणि जे लिहून दाखवता येत नाही ते आपल्या विद्यापीठांना दिसत नाही. शारीरिक शिक्षण हा विषय आपल्या राज्यातल्या विद्यापीठांत कसा आला, कुठून आला, किती उशिरा आला आणि आल्यावर त्याचं काय झालं, याची गोष्ट मी आज सांगणार आहे. ती सगळी या एका धाग्याला बांधलेली आहे.

सुरुवात १८ जुलै १८५७ पासून करू. त्या दिवशी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. म्हणजे काय? विद्यापीठ शिकवणार नाही, विद्यापीठ परीक्षा घेणार. शिकवायचं कॉलेजांनी, तपासायचं विद्यापीठानं. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठाला स्वतः शिकवायची मुभा मिळाली, आणि मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली सुरू व्हायला १९१९ साल उजाडलं. साठ वर्षांहून अधिक काळ आपलं विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षेचं एक मोठं टेबल होतं. त्या टेबलावर काय ठेवता येत होतं? तीन तासांत शाईने लिहिता येईल ते. तोच विषय. बाकी सगळा छंद.

आता त्या टेबलापलीकडचा एक विद्यार्थी बघा. १८७३ साली बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले. प्रकृती किरकोळ होती. त्यांनी ठरवून पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घातलं. कुस्ती, पोहणं, नावा वल्हवणं. वर्षअखेर काय झालं हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे: शरीर झालं आणि परीक्षा गेली. पुढे मंडालेत सहा वर्षं काढून जो माणूस ताठ उभा परत आला, त्याच्या त्या वर्षाची विद्यापीठाच्या दप्तरी नोंद काय? नापास. मी टिळकांचा भक्त म्हणून हे सांगत नाही. त्यांच्या आयुष्यातलं कदाचित सर्वांत उपयोगी पडलेलं वर्ष विद्यापीठाच्या हिशेबात वाया गेलेलं वर्ष आहे, एवढंच दाखवतो आहे.

आणि ज्यांचं वर्ष वाया गेलं नाही त्यांचं काय? विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये गेले, वय ३१. आगरकर १८९५ मध्ये गेले, चाळिशीही गाठली नव्हती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू, १८९३ मध्ये त्या पदावर असतानाच गेले. वय ४३. त्यांच्यानंतर भांडारकर कुलगुरू झाले. त्या वर्षांत पदवीधर तरुण अकाली का मरतात हा आपल्याकडे जाहीर चर्चेचा विषय झाला होता. भांडारकरांनी तो मांडला, न्यायमूर्ती रानड्यांनी मांडला. रानडे तर परीक्षांचं ओझं हलकं करा म्हणून वर्षानुवर्षं धरणं धरून बसल्यासारखे विद्यापीठात बोलत राहिले. क्षय, मधुमेह, गरिबी, बालविवाह, कारणं अनेक होती. सगळं खापर परीक्षेवर फोडणं मला पटत नाही. पण गंमत पाहा. ज्या संस्थेच्या पदवीधरांच्या मरणाची चर्चा तिच्या कुलगुरूंना करावी लागली, तिला शरीर नावाची गोष्ट अभ्यासक्रमात आणावी असं पुढची काही दशकं तरी वाटलं नाही.

मग शरीर कुठे होतं? ते कुंपणाबाहेर होतं आणि चांगलं धष्टपुष्ट होतं.

हा भाग मला जरा सावकाश सांगू द्या, कारण इथे आपला अभिमान आहे आणि आपली फजितीही. बडोद्याला जुम्मादादांची व्यायामशाळा होती. तिथे माणिकराव. त्यांनी लाठी, लेझीम, मल्लखांब एकेकट्याच्या कसरतीतून बाहेर काढून शेकडो पोरांनी एका तालावर करायची गोष्ट केली, आणि तिला इंग्रजी ड्रिलच्या हुकमांऐवजी आपल्या भाषेतल्या आज्ञा दिल्या. आज शाळेच्या मैदानावर शिक्षक 'सावधान' म्हणून ओरडतो तेव्हा त्याच्या गळ्यात थोडेसे माणिकराव असतात. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. तिथे हुतुतूचे नियम छापले गेले, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले ते दोराबजी टाटा आणि या जिमखान्याच्या खटपटीतून. अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने या मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि कबड्डी, मल्लखांब, लाठीची प्रात्यक्षिकं त्यांनी युरोपच्या लोकांसमोर केली. अमरावतीहून थेट बर्लिन! मध्ये विद्यापीठ लागलंच नाही. पुण्याला १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. त्याच साली लोणावळ्याला कैवल्यधाम निघालं.

कैवल्यधामजवळ थोडं थांबतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, हे माणिकरावांच्या तालमीत घडले, मग अमळनेरला कॉलेजात प्राचार्य झाले. त्यांच्या मनात एक साधा प्रश्न होता: उड्डियान किंवा नौली करताना पोटात नेमकं होतं काय? जुने लोक सांगतील ते खरं मानायचं की मोजून बघायचं? त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरणाखाली विद्यार्थ्यांना उभं केलं. पोटातला दाब मोजला. लोणावळ्याला प्रयोगशाळा काढली आणि १९२४ पासून 'योगमीमांसा' नावाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापायला सुरुवात केली. संशोधन म्हणजे यापेक्षा वेगळं काय असतं?

आणि बडोद्यालाच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार नावाचे गृहस्थ 'व्यायाम ज्ञानकोश' करत बसले होते. दहा खंड. कुस्तीचे डाव, मल्लखांबाच्या उड्या, जंबिया, बनेटी, पोहणं, आहार. छायाचित्रांसकट, पायरी पायरीने. मराठीत. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन पहिला खंड नुसता उचलून बघावा. उचलणं हाच एक व्यायाम आहे.

आता हिशेब करा. शिकवायची जागा होती. शिकवायची पद्धत होती. प्रयोगशाळा होती, नियतकालिक होतं, कोश होता, नियमपुस्तकं होती, परदेशी दौरे होते, उन्हाळी वर्ग होते, प्रमाणपत्रं होती. एखाद्या विद्यापीठातल्या विभागाला जे जे लागतं ते सगळं १९४० च्या आत महाराष्ट्रात आणि बडोद्यात उभं होतं. नव्हतं ते एकच, विद्यापीठ.

तुम्ही म्हणाल, असं कसं? विद्यापीठात खेळ होतेच की! होते. भरपूर होते. १९३५ मध्ये रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला, विद्यापीठा-विद्यापीठांतल्या क्रिकेटचा. मुंबईच्या एका पारशी गृहस्थांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने तो दिला. त्या करंडकातून केवढे खेळाडू पुढे आले! पण इथे एक भेद आहे आणि तो माझ्या धंद्यातले लोकही विसरतात. खेळ वेगळा आणि शारीरिक शिक्षण वेगळं. खेळ निवडतो: अकरा जण घेतो आणि बाकी शेदोनशे पोरांना टाळ्या वाजवायला बाहेर बसवतो. शारीरिक शिक्षणाला त्या बाहेर बसलेल्या दोनशेंचं काय करायचं हा प्रश्न पडतो. विद्यापीठाला पहिलं फार लवकर आवडलं, कारण त्यातून करंडक येतो आणि तो कपाटात ठेवता येतो. दुसऱ्यातून काय येतं? एखाद्या मुलीची पाठ दुखायची थांबते. ती कपाटात कशी ठेवणार?

प्रा. दि. ब. देवधरांचं उदाहरण घ्या. १९२६ साली एमसीसीविरुद्ध १४८ धावा, पुढे महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा रणजी करंडक. माणूस पन्नाशीला टेकलेला! पण पुण्याच्या एस. पी. कॉलेजात ते होते कशाचे प्राध्यापक? संस्कृतचे. पगार संस्कृतचा होता. बॅट फुकट. आणि खाशाबा जाधव? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पोराने स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. गोष्ट सांगताना आपण खर्डेकरांना नमस्कार करतो, आणि तो योग्यच आहे. मला मात्र दर वेळी वाटतं, प्राचार्याला घर गहाण ठेवावं लागतं याचा अर्थ संस्थेच्या अंदाजपत्रकात त्या कामाला रकानाच नव्हता.

बरं, मग हा विषय पदवीपर्यंत पोचला कसा? मागच्या दाराने, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या दाराने. आणि आला तो आखाड्यातून आला नाही, मद्रासहून आला.

अमेरिकेत स्प्रिंगफील्डला वायएमसीएचं कॉलेज होतं, बास्केटबॉल जिथे जन्मला ते. तिथे तयार झालेला हॅरी क्रो बक नावाचा माणूस हिंदुस्थानात आला आणि १९२० मध्ये त्याने मद्रासला शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं. चार वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकला तो आपल्या संघाबरोबर होता. देशभरच्या शाळांतले ड्रिलमास्तर हळूहळू 'फिजिकल इन्स्ट्रक्टर' झाले ते बहुतांशी या मद्रासच्या वाटेने. इकडे मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. त्यांनी शारीरिक शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली आणि अध्यक्ष केलं कुवलयानंदांना. १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ. हे नाव लक्षात ठेवा. कारण १९५७ साली, अठराशे सत्तावनच्या शताब्दीला, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने केंद्र सरकारने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं आणि देशात पहिल्यांदा या विषयात तीन वर्षांची विद्यापीठीय पदवी सुरू झाली, तेव्हा तिथे प्राचार्य म्हणून गेले ते हेच जोसेफ. आधी कांदिवली, मग ग्वाल्हेर. माणसं चालत गेली, त्यांच्यामागून विषय चालत गेला. १८५७ ते १९५७. विद्यापीठ निघाल्यापासून बरोबर शंभर वर्षांनी शरीराला पदवी मिळाली. हा योगायोग आहे, मला माहीत आहे. पण फार बोलका आहे.

आपल्या विदर्भात ती १९६७ मध्ये आली. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने पदवी महाविद्यालय काढलं. तेव्हा आपण नागपूर विद्यापीठात होतो. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ चं. ज्या मंडळाने अर्धशतकाहून जास्त काळ स्वतःच्या हिमतीवर माणसं घडवली, त्याने आता विद्यापीठाची मान्यता घेतली. मी सुरुवातीच्या तुकड्यांतला. आणि आता जे सांगणार आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस. कडुनिंबाखाली टेबल, टेबलावर हिरवं कापड, पाण्याचा तांब्या आणि बाहेरगावचे परीक्षक. गृहस्थ सज्जन, सूट घातलेले. समोर मल्लखांब. खांबाला आदल्या रात्री एरंडेल पाजलेलं, पोरांच्या हाताला राळ. आमच्यातला एक पोरगा होता, मेळघाटाच्या बाजूचा. बोलायला लाजरा, पण खांबावर चढला की मासा पाण्यात गेला म्हणावं. त्याने सलामी दिली, अढी मारली, तेढी, बगली, दसरंग, मग फिरकी घेत घेत वर गेला आणि सुईदोरा असा काढला की आम्हाला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. खाली उतरला तेव्हा परीक्षकांनी गुणांचा कागद पुढे ओढला आणि विचारलं, "या कसरतीत कोणकोणत्या स्नायूंचा उपयोग होतो?"

पोरगा गप्प. त्याने एकदा स्वतःच्या मांडीकडे पाहिलं, एकदा दंडाकडे. त्याचं तोंड लाल झालं. शेवटी म्हणाला, "सर, सगळ्यांचा."

तो हजरजबाबीपणा करत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं, आणि तसं पाहिलं तर बरोबरच होतं. गुण मात्र कमी पडले. त्याच्यानंतरचा एक जण खांबावरून दोनदा घसरला, पण स्नायूंची लॅटिन नावं त्याने घडाघडा म्हटली. पहिला कोण आला असेल, सांगायला नको.

आता मी त्या परीक्षकांना दोष देत नाही. स्नायू माहीत असायलाच हवेत. ज्याला उद्या पन्नास पोरांना शिकवायचंय त्याला गुडघा कसा वळतो, कुठे मोडतो हे कळलं पाहिजे. नुसती तालीम बरी आणि पुस्तक वाईट असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तालमीतही खांदे निखळलेली, लंगोट घट्ट करण्यापलीकडे उपचार न मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. आणि त्या तालमीत मुलींना पाय ठेवायची सोय नव्हती, ती कॉलेजने केली, हेही खरं. पण अभ्यासक्रमाचं पुस्तक उघडलं की स्पार्टा असायचं, अथेन्स असायचं, जर्मनीचा यान, स्वीडनचा लिंग असायचा. मल्लखांबाचे बाळंभटदादा देवधर एखाद्या ओळीत. माणिकराव अर्ध्या परिच्छेदात. आणि तो दहा खंडांचा कोश? माझ्या सगळ्या शिक्षणात कुणी त्याचं नाव परीक्षेत विचारलं नाही. मद्रासच्या वाटेने आलेला विषय आपलं सामान बरोबर घेऊन आला होता. घरात आधीपासून काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

एनसीसीबद्दल दोन शब्द, कारण आमच्या पिढीला 'कॉलेजातलं शारीरिक शिक्षण' म्हटलं की खाकी आठवते. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. १९६८ मध्ये सक्ती गेली, पुढच्या वर्षी एनएसएस आली. शाळांसाठी आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले, आपल्या सावंतवाडीकडचे, यांनी आधीच राष्ट्रीय शिस्त योजना चालवली होती. हेतू चांगले होते. पण पाच वर्षांत हजारो पोरांच्या मनात एक समीकरण पक्कं झालं: व्यायाम म्हणजे शिक्षा. उशीर झाला की मैदानाला फेऱ्या! आजही मारतात. मराठीच्या तासाला उशीर झाला म्हणून कुणी कविता पाठ करायला लावतं का?

आता थोडं लांब जाऊ या. कॅलिफोर्नियाला, बर्कलीला. तेही राज्य विद्यापीठ, सरकारी पैशावरचं, जगात नावाजलेलं. तिथे १८७९ पासून व्यायामशाळेची इमारत. स्त्रियांसाठी १९२७ मध्ये बांधलेली वेगळी व्यायामशाळा. तिच्या रचनेत ज्यूलिया मॉर्गनचा हात होता, जी स्वतः त्याच विद्यापीठाची पदवीधर. म्हणजे शरीराला जागा होती, प्रतिष्ठा होती. मग १९६३ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी शिक्षक-प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं आणि शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची पार खिल्ली उडवली. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी एक निबंध छापला. म्हणणं असं: शिक्षक तयार करणं बाजूला ठेवा, माणसाच्या हालचालीचा अभ्यास हीच एक स्वतंत्र विद्याशाखा आहे. शरीरशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, या सगळ्यांतून तिची उभारणी होते. हेन्री मोठा माणूस. प्रतिक्रियेचा वेळ, हालचालीची स्मृती यांवर त्यांचं काम आजही शिकवलं जातं. त्या एका निबंधाने अमेरिकेतल्या विभागांची दिशा बदलली. पाट्या बदलल्या. शारीरिक शिक्षणाची जागा 'किनेसिऑलॉजी'ने घेतली. मैदानावरून माणसं प्रयोगशाळेत गेली, आणि पुष्कळ खरं ज्ञानही आलं.

आणि बर्कलीचं काय झालं? तिथल्या विभागाने नाव बदलून 'मानवी जैवगतिकी' असं भारदस्त केलं. १९९७ मध्ये विद्यापीठाने तो विभाग बंद केला.

का? खर्चकपात हे कारण तर होतंच. पण मला त्यामागे एक सरळ व्यवहार दिसतो. तुम्ही शरीरशास्त्रासारखे झालात, तर विद्यापीठ म्हणणार, शरीरशास्त्राचा विभाग आहे की आमच्याकडे. तुम्ही भौतिकशास्त्रासारखे झालात, तर तोही आहे. दुसऱ्या कुणाकडेच नव्हती अशी एकच गोष्ट तुमच्याकडे होती, मैदान. ते तुम्हीच आधी सोडलंत. हेन्रींच्या विद्वत्तेला नमस्कार करून मी हे म्हणतो. आपल्याकडे एम.पी.एड. झाली, पीएच.डी. झाली, बी.पी.एड. एका वर्षाची दोन वर्षांची झाली, आणि प्रबंधांचे गठ्ठे वाढले तेव्हा बर्कलीची ही गोष्ट कुणी सांगायला हवी होती.

त्याच १९९७ सालची दुसरी गोष्ट दिल्लीची, सर्वोच्च न्यायालयातली. आंध्रच्या कृषी विद्यापीठातला एक शारीरिक शिक्षण संचालक ५८ व्या वर्षी निवृत्त केला गेला. विद्यापीठाचं म्हणणं, शिक्षक ६० ला निवृत्त होतात, पण तुम्ही शिक्षक नाही. तुम्ही वर्गावर जात नाही, तुमचं वेळापत्रक नाही, तुम्ही संध्याकाळी मैदानावर असता. तो माणूस लढत लढत वर गेला. न्यायालयाने काय म्हटलं? सारांशाने सांगतो: हा माणूस मुलांना खेळांचे नियम, कौशल्यं, बारकावे शिकवतो, ते संध्याकाळी शिकवतो की सकाळी, वर्गात शिकवतो की मैदानावर, याने फरक पडत नाही. तो शिक्षकच. निकाल वाचला तेव्हा मी नोकरीत होतो. आमच्या स्टाफरूममध्ये मी तो मोठ्याने वाचून दाखवला. एका सहकाऱ्याने चहा ढवळत विचारलं, "म्हणजे आता तुम्हाला पेपर तपासायला बसवणार का?"

शिक्षक असणं म्हणजे पेपर तपासणं! बघा, १८५७ चं ते टेबल अजून हललेलं नाही.

शेवटी आजचं सांगून थांबतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या चौकटीत सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक आले. क्रीडा, योग, एनसीसी, एनएसएस यांना आता गुणपत्रकात रकाना आहे. ज्या रकान्यासाठी आमची पिढी भांडली तो मिळाला. आनंद आहे. पण रकाना आला की तो भरावा लागतो, आणि भरायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे फाइल.

गेल्या पावसाळ्यात एका कॉलेजने मला बाहेरचा म्हणून अशा फायली बघायला बोलावलं. एका मुलीची फाइल होती सूर्यनमस्कारावर. बासष्ट पानं. औंधच्या पंतप्रतिनिधींचा इतिहास, बारा मंत्र अर्थासह, प्रत्येक स्थितीचं रंगीत चित्र, कोणत्या स्थितीत कोणता स्नायू ताणतो त्याचे बाण. अक्षर मोत्यासारखं. मी तिला विचारलं, "बेटा, तू रोज किती घालतेस?" ती गोंधळली. म्हणाली, "सर, प्रोजेक्ट आहे ना." मी म्हटलं, "चल, बारा घाल."

तिने चप्पल काढली, ओढणी कमरेला खोचली. पहिला नीट झाला. दुसऱ्यात श्वास कुठे घ्यायचा ते विसरली. तिसऱ्यात हात थरथरायला लागले. चौथ्याला ती जमिनीवर पालथीच राहिली आणि तिथूनच हसायला लागली. मग तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "सर, हे पानात नाही लिहिलंय. पोटरी इथे, अशी इथे ओढते. फाइलमध्ये बाण वरती दाखवलाय."

फाइल उघडली. खरंच बाण चुकीच्या जागी होता. तिने पेन मागितलं, खाली बसून तो खोडला आणि दोन बोटं खाली नवा काढला.

प्रश्न असतील तर बाहेर येऊन विचारा. उभ्या उभ्या बोलू. बसून बसून माझी पाठ धरली आहे.